स्वल्प तडी

अवरेकाई बाजारात आली की मला संशय यायला लागतो. कुणाचा, कशाचा असं काही नाही, नुसताच येतो. बंगळुरातल्या येलहंक्याच्या जुन्या बाजारात रस्त्याकडेला गोण्या उपड्या होतात, हिरव्या शेंगांचे ढीग लागतात, भोवती बायका उकिडव्या बसून एकेक शेंग दाबून बघायला लागतात, आणि तो वास येतो. उग्र, तेलकट, थोडा दवाचा आणि थोडा मातीचा. कन्नडमध्ये त्याला 'सोगडू' म्हणतात. आपला पावटा या अवरेकाईचा भाऊच, पण वासाच्या बाबतीत अगदी गरीब. सोलणाऱ्याच्या बोटांना हा सोगडू असा चिकटतो की साबणालासुद्धा दाद देत नाही. बंगळूरच्या माणसाला त्या वासाने भूक लागते. मला मात्र आमच्या सोसायटीचं मागचं गेट आठवतं आणि त्या गेटाबाहेर उभी असलेली लक्ष्मक्का आठवते.

काल ते ढीग पुन्हा दिसले. थंडी आता कुठे पडायला लागली आहे, वर वायुदलाची विमानं सरावाला निघाली आहेत, आणि खाली भाजीवाली माझ्यासाठी शेंगा तोलत होती. मी काट्याकडे बघत राहिले.

"काय बघता अक्का? सरी आहे," ती म्हणाली.

सरी म्हणजे बरोबर. ते बरोबरच होतं. पण कुणी न विचारता 'बरोबर आहे' म्हटलं की माझे कान उभे राहतात. काटा स्थिर होईपर्यंत मी हललेच नाही.

त्याला माझा इलाज नाही. लोकांनी केलेलं सॉफ्टवेअर तपासायचं, ते कुठे फसतं ते शोधायचं, हाच माझा धंदा आहे. नवरा चारचौघांत सांगतो की ही देवळात गेली तरी घंटा वाजते का हे बघण्यासाठीच वाजवते. हसू देत. साधी चूक असली तर तिला शोधायला माझीही गरज नसते. साधी चूक प्रामाणिक असते. बटण चालत नसेल तर ते सकाळी चालत नाही, दुपारी चालत नाही, माझ्यासमोर चालत नाही आणि साहेबांसमोरही चालत नाही. भीती वाटते ती दुसऱ्या जातीच्या चुकांची. यंत्राच्या पोटात एका वेळी अनेक कामं चाललेली असतात. एकेका कामाला आम्ही थ्रेड म्हणतो, म्हणजे धागा. दोन धागे एकाच वस्तूला एकाच क्षणी हात घालतात, आणि कोण आधी पोचलं यावर निकाल ठरतो. याला आमच्यात रेस कंडिशन म्हणतात. शर्यत खरी, पण धावणाऱ्यांना ती लागली आहे हेच ठाऊक नसतं.

ही चूक बघायला गेलं की नाहीशी होते. आत काय चाललंय ते कळावं म्हणून आपण मध्ये एक ओळ घालतो, की बाबा, इथे पोचलास की नोंद कर. ती नोंद करायला यंत्राला किंचित वेळ लागतो, तेवढ्याने दोघांची गाठ चुकते आणि सगळं सुरळीत चालतं. ओळ काढली की पुन्हा कधीतरी, कुठेतरी बिघडतं. पाहुणे आले की शहाण्यासारखी बसणारी पोरं असतात ना, तसं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते असं आपण म्हणतो आणि विषय सोडून देतो. माझा पगार त्या कावळ्याला पुन्हा पुन्हा आणून त्याच फांदीवर बसवण्यासाठी आहे.

ज्या हिवाळ्याबद्दल मी सांगते आहे त्याच्या आधीच्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीत गेटाचं ॲप आलं होतं. ते आमच्याच कंपनीचं होतं. घरकामाच्या बायका, ड्रायव्हर, पाण्याचा फिल्टर दुरुस्त करणारे, सामान पोचवणारे, जो कुणी येईल त्याचं कार्ड सिक्युरिटीवाला आपल्या फोनला टेकवायचा. 'टिक्' असा आवाज व्हायचा. फोनवर कन्नडमध्ये ओळगे किंवा होरगे उमटायचं. ओळगे म्हणजे आत, होरगे म्हणजे बाहेर. सोसायटीत या घडीला कोण आत आहे याची एक यादी सतत तयार असायची, आणि आम्ही रहिवासी ती आपापल्या फोनवर बघू शकायचो. लोकांना फार आवडली ती यादी. दुपारी जेवण झाल्यावर ती उघडून बघणारी माणसं मला माहीत आहेत.

लक्ष्मक्का आमच्याकडे स्वयंपाकाला येते. देवनहळ्ळीच्या अलीकडच्या एका खेड्यातून बसने येते आणि आमच्यासह पाच-सहा घरं करते. तिच्या माहेरच्या शेताचा मोठा तुकडा लेआउटमध्ये, म्हणजे घरांच्या प्लॉटांत गेला. तिथे आता आकडे रंगवलेले दगड उभे आहेत. उरलेल्या तुकड्यात तिची आई अजून अवरेकाई लावते. तोडणीच्या दिवसांत लक्ष्मक्का दुपारचं काम उरकलं की बसने तिकडे जायची आणि सकाळी येताना आमच्यासाठी शेंगांची पिशवी आणायची. ती पिशवी ओट्यावर ठेवली की आमच्या सासूबाई आधी पिशवीत नाक घालायच्या आणि मग म्हणायच्या, "हं, हा खरा सोगडू."

सासूबाईंचं माहेर आणि सासर दोन्ही बंगळूरच्या जयनगरात. त्यांचं मराठी घरातलं, पण निम्मं सामान कन्नडमधून आणलेलं. मी निपाणीची. दोन्ही भाषा कानावर घेऊनच मोठी झाले, तरी त्यांचं बोलणं पहिली काही वर्षं मला तपासूनच घ्यावं लागायचं.

तर एका सकाळी लक्ष्मक्का अशीच पिशवी घेऊन आली. शेंगांवर अजून दव होतं. तिची बोटं काळपट हिरवी झाली होती, आणि चहाचा कप तिने माझ्या हातात दिला तर कपालाही सोगडूचा वास. मी त्यावरून तिला चिडवलंसुद्धा. त्याच वेळी फोनवर सोसायटीच्या ग्रुपमध्ये निरोप आला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई आदल्या दुपारी घर बंद करून बाहेर गेल्या होत्या, आणि परत येऊन बघतात तर देवघरातली चांदीची अत्तरदाणी नाही. आईची आठवण होती त्यांच्या ती. कुलूप फोडलेलं नव्हतं. त्यांची जादा किल्ली चपलांच्या कपाटात असते हे लक्ष्मक्काला माहीत होतं, कारण त्यांच्याकडेही तीच काम करायची.

मग कुणीतरी त्या दुपारची यादी उघडली. आमच्या इमारतीतल्या कामाच्या बायकांपैकी एकच नाव आत होतं. लक्ष्मक्का, सकाळी ओळगे. बाहेर गेल्याची नोंदच नव्हती.

"मी गेले होते अक्का," ती मला कन्नडमध्ये सांगत होती. "मागच्या गेटाने गेले. त्याने कार्ड टेकवलं. टिक् झालं. मी ऐकलं."

मागच्या गेटावरच्या सिक्युरिटीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, दुपारी इतके लोक जातात, काय आठवणार. तो आसामचा, नोकरीवर नवा. आपण कार्ड टेकवलं नसेल असं कबूल केलं तर त्याची नोकरी जाणार, आणि टेकवलं म्हटलं तर मशीन खोटं पडणार. त्याने आठवत नसणं पसंत केलं. मी त्याच्या जागी असते तरी तेच केलं असतं.

ॲपमध्ये एक सोय होती. कमिटीने एखाद्या नावापुढचं बटण दाबलं की त्या नावावर लाल पट्टी यायची आणि कुठल्याच गेटावर ते कार्ड चालायचं नाही. पोलीस नाहीत, भांडण नाही, कुणी तोंडावर काही बोलायचंही नाही. दुसऱ्या दिवशी मी दूध घेऊन येत होते तेव्हा ती गेटाबाहेर उभी होती. गेली कित्येक वर्षं तिला ओळखणारा पुढच्या गेटाचा म्हातारा सिक्युरिटीवाला स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"मशीन मना कर रहा है, मॅडम," तो मला म्हणाला.

एका बटणाने तिची इथली सगळी घरं एकदम बंद झाली होती. आणि अशा बातमीला पाय असतात. पलीकडच्या सोसायटीतही ती दोन घरं करायची, तिथेही लाल पट्टी पोचायला वेळ लागणार नव्हता. मला फार राग आला. पण खरं सांगायचं तर रागाच्या जोडीला माझा जुना सोबतीही जागा झाला होता. टिक् झालं, मी ऐकलं, असं ती म्हणत होती. यंत्राने आवाज केला म्हणजे यंत्राला ते कळलं होतं. मग यंत्र विसरलं कसं?

कमिटीचे सेक्रेटरी मिरजकर काका. सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, सरळ, शिस्तीचे. मी त्यांच्याकडे गेले.

"वृंदा, तुमच्याच कंपनीचं ॲप आहे ना हे?" ते म्हणाले. "माणूस खोटं बोलतो. मशीनला ना जात ना गोत, ते कशाला खोटं बोलेल?"

"खोटं नाही काका, पण चुकलं असेल."

"मग चूक दाखव. मी स्वतः पट्टी काढतो."

ऑफिसात तो भाग निखिलने लिहिलेला. पुण्याचा मुलगा, हुशार, मला ताई म्हणतो आणि माझ्या तक्रारी माझ्यादेखत बंद करतो.

"ताई, रिप्रोच होत नाहीये," तो म्हणाला. रिप्रो म्हणजे चूक पुन्हा घडवून दाखवणं. "मी दोन्ही गेट्स सिम्युलेट करून लूपमध्ये रन केलंय. सगळं ग्रीन आहे. प्लीज बघ ना."

मी बघितलं. पडदाभर हिरवे ठिपके, एकही लाल नाही. मला हिरव्या रंगाची ॲलर्जी आहे असं तो म्हणतो. मला इतकंच म्हणायचं असतं की हिरवा ठिपका म्हणजे चूक नाही असं नव्हे, मी बघत असताना ती घडली नाही एवढंच. मी आणखी गर्दी करून बघितली. वीस गेटं, शंभर गेटं, सगळी एकदम. हिरवंच. आत काय होतंय ते कळावं म्हणून नोंदीच्या ओळी घातल्या. अधिकच हिरवं. कार्ड टेकवलं की गेट यादी उचलतं, बदलतं, परत ठेवतं. निखिलच्या यंत्रावर हे सगळं पापणी लवायच्या आत उरकत होतं. तेवढ्या फटीत दुसऱ्या गेटाचा हात शिरायला जागाच नव्हती. आमच्या गेटांवर मात्र नेटवर्क कसं रडतखडत चालतं हे मला माहीत होतं.

"ताई, रागावू नकोस," तो शेवटी म्हणाला, "पण तुला वाटतंय की ती बाई खरं बोलतेय, म्हणून तू बग शोधतेयस. इट्स अ बायस."

मी रागावले नाही, कारण हा संशय मला त्याच्या आधी आला होता. तिच्या बोटांना सोगडूचा वास होता म्हणून ती शेतावर गेली होती असं मी धरून चालले होते. पण अवरेकाई कुठल्याही कोपऱ्यावर मिळते. अत्तरदाणी पिशवीत घालून बसस्टॉपवर जायचं, वाटेत शेंगा घ्यायच्या, कठीण काय आहे त्यात? हे मनात आलं तेव्हा मला माझीच शिसारी आली. पण आलं, ते आलंच.

त्या रविवारी सासूबाईंनी लक्ष्मक्काच्या त्याच शेंगांचे दाणे सोलायला घेतले. दाणे आदल्या दिवशीच भिजत घातले होते. भिजलेला दाणा चिमटीत धरून दाबला की साल हातात राहते आणि आतली डाळिंबी टुणकन उडते. या सोललेल्या दाण्यांना इथे हिदकिद बेळे म्हणतात आणि त्याचं सारू, म्हणजे पातळ आमटी करतात. काम चिकाटीचं आहे. दोघी समोरासमोर बसून दाणे उडवत होतो, आणि लक्ष्मक्का नसल्याने घर फार शांत होतं.

"जयनगरच्या घरात आम्ही तिघी जावा," सासूबाई सांगत होत्या. "एकदा काय झालं, एकीने सारू चाखलं, अळणी. दुसरीने चाखलं, अळणी. मीपण चाखलं. मग तिघींनी आपापल्या वेळेला मीठ घातलं. मामंजी जेवायला बसले आणि काही न बोलता उठले."

"मग?"

"मग काय, कायदा झाला. मिठाचा डबा जिच्या हातात, तिनेच चाखायचं आणि तिनेच घालायचं. डबा हातात नसेल तर सारवाकडे बघायचंपण नाही."

हसत हसत आम्ही उठलो. सारू गॅसवर होतं. मी पळीने चाखलं. अळणी होतं. डब्याकडे हात नेला तर सासूबाई म्हणाल्या, "स्वल्प तडी गं."

तडी म्हणजे थांब. स्वल्प तडी म्हणजे जरा थांब. बंगळुरात दिवसातून शंभरदा ऐकू येणारे शब्द. रिक्षावाला म्हणतो, बँकेतला माणूस म्हणतो, लिफ्टमध्ये शिरणारी बाई म्हणते. पण निपाणीच्या माझ्या कानात तडी या शब्दाच्या मागे मराठीतली दुसरी तडी उभी असते. आमचे वडील म्हणायचे, हातात घेतलेलं काम तडीस न्यावं. त्यामुळे स्वल्प तडी ऐकलं की मला 'थांब, आणि मग पुरं कर' असंच ऐकू येतं. मी थांबले. गॅसकडे पाठ करून कोथिंबीर निवडली. माझ्या पाठीमागे सासूबाईंनी सारवात मीठ घातलं, डबा जागेवर ठेवला आणि त्या देवापाशी गेल्या. त्यांना म्हणायचं होतं की तू राहू दे, मी घालते. मी वळले, डबा उचलला आणि माझं काम तडीस नेलं.

जेवताना नवऱ्याने पहिला घास घेतला आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"मी घातलं होतं की गं मीठ!" सासूबाई म्हणाल्या.

"मी चाखलं तेव्हा अळणी होतं," मी म्हणाले, आणि माझा हात ताटातच राहिला. मी चाखलं तेव्हा. चाखणं आणि घालणं यांच्यामध्ये मी थांबले होते, आणि त्या थांबण्यात दुसरा हात शिरून गेला होता. माझ्या हातात शिळी बातमी होती आणि मी ती ताजी समजून मीठ घातलं होतं. खारट सारू वाटीभर तसंच पिऊन टाकलं मी. सासूबाईंना वाटलं, सुनेचं डोकं फिरलं.

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी चाचणीसाठी एक छोटीशी गोष्ट लिहिली. गर्दी नाही, शंभर गेटं नाहीत. दोनच गेटं. मागच्या गेटाने लक्ष्मक्का बाहेर पडली. गेटाने यादी उचलली, तिचं नाव खोडलं. पुढच्या गेटाने त्याच क्षणी जुनीच यादी उचललेली, तीत लक्ष्मक्का अजून आत. तिथे फिल्टरवाल्याचं नाव लिहिलं. आणि यादी परत ठेवण्याच्या अगदी आधी मी त्या पुढच्या गेटाला सांगितलं, जरा थांब. मागच्या गेटाने आपली यादी ठेवली. लक्ष्मक्का होरगे. टिक्. मग पुढचं गेट जागं झालं आणि त्याने आपली यादी त्यावरच ठेवली. तीत फिल्टरवाला आत होता, आणि लक्ष्मक्काही आत होती.

पडद्यावर लाल ठिपका उमटला. पुन्हा चालवलं, पुन्हा लाल. नोंदीच्या ओळी घातल्या तरी लाल. इतके दिवस मला चुकवत होती ती चूक आता गुपचूप समोर बसली होती. त्या थांबण्याला प्रोग्रॅममध्ये नाव द्यावं लागतं, मी दिलं स्वल्प_तडी. अजून तेच आहे. नवी मुलं विचारतात की ही स्वल्पतडी कोण.

निखिलने ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं. "पण ताई, हे तू घडवून आणलंस. तू थांबवलंस म्हणून झालं."

"मी फक्त थांबवलं. चूक तुझ्या ओळींमध्ये आहे. त्या दिवशी नेटवर्कने थांबवलं असेल."

तो खाली गेला आणि दोन कॉफी घेऊन आला. संध्याकाळच्या आत त्याने यादीला कुलूप घातलं. यादी उचलल्यापासून ठेवेपर्यंत ती एकाच गेटाच्या ताब्यात, दुसऱ्याने तोवर तिच्याकडे बघायचंही नाही. मी त्याला म्हटलं, हा आमच्या सासूबाईंचा मिठाचा डबा. त्याला वाटलं मी काहीतरी टोमणा मारतेय.

कमिटीची बैठक पुढच्या रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये भरली. मी लॅपटॉपवर सगळं दाखवलं. मिरजकर काकांना लगेच कळलं. इंजिनिअर माणूस, डोळे चमकले त्यांचे. मी लोकांना समजावण्याआधी त्यांनीच समजावलं. आणि मग ते माझ्याकडे वळले.

"हे होऊ शकतं, मान्य. पण त्या दुपारी हेच झालं का?"

या प्रश्नाची मी आठवडाभर वाट बघत होते. हो म्हणणं सोपं होतं. खोलीतल्या कुणालाही ते खोडून काढता आलं नसतं. बाहेर बसस्टॉपवर लक्ष्मक्का बसली होती, आणि एका 'हो'ने तिचं नाव धुऊन निघालं असतं. पण ज्या यंत्राला मी खोटं पाडायला गेले होते त्याच्यासारखंच मला ठाऊक नसलेलं ठासून सांगावं लागलं असतं. आणि खोटं पकडलं गेलं असतं तर ते माझ्या नव्हे, तिच्या अंगावर गेलं असतं.

"माहीत नाही काका," मी म्हणाले. "ते आता कुणालाच कळणार नाही. त्या यादीवर दुसरी यादी पडली आणि ती पुसली गेली. आणि काका, जशी एकीची जाण्याची नोंद हरवू शकते, तशी दुसऱ्या कुणाची येण्याची नोंदही हरवू शकते. त्या दुपारी यादीत नसलेलं कुणीही आत असू शकेल."

प्रत्येक जण आपापल्या घरी त्या दुपारी कोण आलं होतं ते आठवत असणार. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई पदराने डोळे पुसत होत्या.

"म्हणजे आता मी संशय घ्यायचा तरी कुणावर?" त्या म्हणाल्या.

मला त्यांची दया आली. लक्ष्मक्कावर संशय होता तोवर त्यांना निदान रात्री झोप तरी लागत होती. शेवटी काकांनी निर्णय लिहिला, की सदर बाईंना संशयाचा फायदा देण्यात येत आहे. लाल पट्टी त्यांनी तिथेच, आमच्यासमोर काढली. शब्दाचा पक्का माणूस.

बसस्टॉपवर जाऊन मी तिला सांगायला लागले आणि अडले. संशयाचा फायदा कन्नडमध्ये कसा सांगायचा? मी सरळ शब्दाला शब्द ठेवला, 'संशयद लाभ'.

"संशयाचा लाभ?" तिने विचारलं. "कुणाला अक्का?"

मी दुसरा शब्द शोधायला लागले.

"मी घेतलं नाही, असं म्हणाले का ते?"

"घेतलं असं म्हणता येत नाही, असं म्हणाले."

एक बस आली आणि गेली. मग ती उठली. "गेट उघडेल ना?"

"उघडेल."

"मग सरी," ती म्हणाली, आणि पदर खोचून चालायला लागली. कमिटीने दिलेलं ती घेऊन गेली, पण तिला हवं होतं ते माझ्याकडेही नव्हतं. अत्तरदाणी कधीच सापडली नाही. तिसऱ्या मजल्यावरचं काम लक्ष्मक्काने स्वतःहून सोडलं.

त्याला आता काही हिवाळे लोटले. देवनहळ्ळीकडच्या लक्ष्मक्काच्या माहेरच्या शेताचा आणखी एक तुकडा आकड्यांच्या दगडांत गेला, त्यामुळे शेंगा कमी येतात आणि मला बाजारात जावं लागतं. निखिल दुसऱ्या कंपनीत गेला. जाताना म्हणाला, ताई, तुझ्यामुळे मला आता ग्रीन बघितलं की टेन्शन येतं. मी त्याला आशीर्वाद दिला. सासूबाईंनी आमच्या स्वयंपाकघरात जुना कायदा पुन्हा लागू केला आहे. मी चाखलं की त्या मुकाट्याने डबा माझ्या हातात देतात आणि माझ्याकडे संशयाने बघतात.

काल शेंगांची पिशवी घेऊन मी मागच्या गेटाने येत होते तेव्हा लक्ष्मक्का काम उरकून निघाली होती. गेटावर दुपारची रांग. सिक्युरिटीवाल्याने तिचं कार्ड टेकवलं, टिक् झालं, आणि तो पुढच्या माणसाकडे वळला. ती हलली नाही. तिने बोटाने फोन आपल्याकडे वळवायला लावला. ती रोजच तसं करते. नवे सिक्युरिटीवाले आधी चिडतात, मग सवय होते. स्क्रीनवर चक्र फिरत होतं. मागे सामान पोचवणारा एक मुलगा मोटरसायकलवर खोळंबला होता, त्याने हॉर्न वाजवला.

मी जवळ गेले. "लक्ष्मक्का, ते केव्हाच दुरुस्त झालंय गं. कुलूप घातलंय त्याला. मी स्वतः तपासलंय."

तिने स्क्रीनवरची नजर काढली नाही. "त्या दिवशीपण सरी आहे म्हणूनच सांगत होते ना, अक्का."

मागच्याने पुन्हा हॉर्न दिला.

"स्वल्प तडीरी," ती त्याला म्हणाली, शांतपणे.

चक्र थांबलं. होरगे उमटलं. तिने ते अक्षर न् अक्षर वाचलं, कार्ड कमरेला खोचलं आणि ती बसस्टॉपकडे निघून गेली. मग गेट माझ्यासाठी उघडलं. रहिवाशांना कार्ड लागत नाही. आम्ही कधी आत असतो आणि कधी बाहेर, याची नोंद कुठेच होत नाही.